खंडेनवमीचं तेल

दहिवली, कर्जत
५ ऑक्टोबर १९४९

ती. दादास,

मैनेचा पायावर डोकं ठेवून नमस्कार. म्हणजे ज्या पायाला प्लास्टर नाही त्या पायावर. दुसऱ्यावर ठेवलं तर माझंच डोकं फुटायचं.

तू आपल्याच गॅरेजच्या खड्ड्यात पडलास हे ऐकून मी आधी रडले आणि मग हसले. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला "खड्डा सांभाळा" म्हणून ओरडणारा तू! वहिनी लिहिते की डॉक्टरांनी दिवाळी होईपर्यंत खाटेवरून उठायचं नाही असं बजावलं आहे. तिला म्हणावं, याच्या कुबड्या लपवून ठेव.

आता माझं रडगाणं ऐक. पदूशेठची नवी मोटार, हे चालवतात ती, बिघडली. तीच, श्रावणात विलायतेहून बोटीने आलेली बिस्किटी रंगाची. दसऱ्यापर्यंत कशी लोण्यासारखी चालत होती. त्यानंतर गिअर टाकला की किंचाळायला लागली. काल भर बाजारात ह्यांनी क्लच पायाखाली पुरता दाबून धरला होता, तरी गाडी आपली पुढे सरकतच राहिली, आणि ब्रेक लागेपर्यंत कुंभाराच्या पणत्यांच्या ढिगावर चढली. माणसं वाचली, पणत्यांचा भुगा झाला.

शेठ आपल्या भाताच्या गिरणीच्या दारात सगळ्यांच्या देखत म्हणाले, "घोडेवाल्याच्या हातात मोटार दिली ही माजीच चूक. पाय क्लचवर ठेवूनच बसत असनार. जाळला त्यानं." आणि ह्यांना किल्ली टेबलावर ठेवायला लावली. भाऊबीज झाली की मोटार मुंबईला दुरुस्तीला जाणार आणि येताना तिकडचाच ड्रायव्हर घेऊन येणार.

हे घरी आले, जेवले नाहीत. आज सकाळी म्हणतात, माथेरानला जातो, पुन्हा घोडे धरतो. दादा, त्या लाल धुळीत सायबांच्या घोड्यांमागे धावून धावून ह्यांची छाती कशी झाली होती ते तू पाहिलं आहेस. गाडी हाती आली तेव्हापासून माणूस जरा हसायला लागला होता. मला ते परत तिकडे जायला नको आहेत.

तू म्हणशील, गजारावांनीच जाळला असेल. तसं म्हणायच्या आधी एकदा विचार कर आणि मी काय बघू ते कळव.

तुझी,
मैना

---

खालापूर
७ ऑक्टोबर १९४९

चि. मैनेस,

मालोजीचे लंगडे पण भरघोस आशीर्वाद.

प्लास्टरच्या आत खाज सुटली आहे आणि खाजवता येत नाही. अशा वेळी तुझं पत्र आलं ते फार बरं झालं. पुणे रस्त्यावरून लॉऱ्या जातात, मी खाटेवर पडून त्यांचे आवाज ऐकतो आणि कोणाचं काय खिळखिळं झालंय ते भिंतीला सांगतो.

खरं सांगू? राग मानू नकोस, पण गजारावांनी क्लच जाळला असणार. घोड्यावर बसणारा माणूस पाय रिकिबीत अडकवून बसतो. तो मोटारीत बसला तरी पेडलवरचा पाय काढत नाही. त्यांना लायसन मिळालं तेव्हाच मी म्हटलं होतं, यांच्या घोड्यावर हवा तेव्हा बसेन, यांच्या मोटारीत मागे बसणार नाही.

तरी तू माझ्या गॅरेजात पाने पुसत मोठी झालीस, म्हणून विचारतो. क्लच जळला की इंजिन नुसतं बोंबलतं, गाडी चढाला हलत नाही आणि वास असा येतो की चुलीवर काही विसरलं असं वाटावं. तुझ्या पत्रात यातलं काहीच नाही. पेडल दाबूनही गाडी पुढे सरकली म्हणतेस, गिअर किंचाळतो म्हणतेस. हे उलटंच झालं. म्हणजे क्लच सुटतच नाही, इंजिन चाकांना सोडतच नाही. पणत्यांची ओळ मी दोनदा वाचली.

या नव्या गाड्यांत पेडलपासून क्लचपर्यंत सळई नसते, तेलाने काम चालतं. गिअरबॉक्सच्या बाजूला अंगठ्याएवढा एक सिलिंडर असेल, त्यातून एक दांडी बाहेर आलेली दिसेल. कोणाला तरी वर बसवून पेडल दाबायला सांग आणि तू खाली आडवी होऊन बघ, दांडी किती सरकते. इंजिन बंद, चाकांना पुढून-मागून दगड. आणि शेठना विचारल्याशिवाय हात लावू नकोस, नाहीतर घरात दोघं बेकार व्हाल.

तुझा,
मालोजी

---

दहिवली
९ ऑक्टोबर १९४९

ती. दादास,

नमस्कार. शेठना विचारलं. खोकला येईपर्यंत हसले. म्हणाले, "लाव, लाव हात. मालोजीची भैन ना तू? आनखी काय बिघडायचं ऱ्हायलंय तिचं? पन गजाचा हात लागता कामा नये."

गिरणी सध्या बंदच आहे, नवं भात आलं की सुरू होईल. मोटार मागच्या शेडमध्ये उभी आहे. मी गोणपाट अंथरून खाली शिरले आणि पेडल दाबायला आत्याबाईंना वर बसवलं. दुसरं कोण होतं? हे तर त्या बाजूला फिरकत नाहीत. आमच्या सासूबाई नऊवारी सावरून शेठच्या मऊ गादीवर बसल्या, पदर डोक्यावर घेतला आणि म्हणाल्या, "मैने, ह्ये दाबलं आन् गाडी पळाली तं गं?"

मी म्हटलं, "इंजिन बंद हाय, आत्याबाई. पळत नाय."

"तुजा नवरा बी त्या पनत्यांपाशी आसंच म्हनत व्हता."

मी खाली पडून इतकी हसले की तोंडात माती गेली. मग त्यांनी दाबलं. दांडी तांदळाच्या दाण्याएवढी सरकली आणि थांबली. पुन्हा दाबलं, पुन्हा तेवढीच. बाहेरून कुठे तेल गळलेलं नाही, नळीही चेपलेली नाही, मी सगळीकडे बोट फिरवून बघितलं. जळका वास नाही. ह्यांना विचारलं, इंजिन बोंबलतंय आणि गाडी हलत नाही असं कधी झालं का? "नाय," एवढंच बोलले. माळ्यावरून जुना लगाम काढला आहे. ओट्यावर बसून त्याला तेल चोळत असतात.

लवकर लिही.

मैना

---

खालापूर
११ ऑक्टोबर १९४९

चि. मैनेस आशीर्वाद.

मी चुकलो असं लिहायची वेळ अजून आलेली नाही, पण तिकडेच चाललो आहे असं दिसतं. क्लच जळलेला नाही. तेलाचा जोर खालपर्यंत पोचत नाही. तुझ्या पत्राने मला खाटेवर उठून बसवलं. तुझ्या वहिनीने पुन्हा निजवलं.

हे असं समज. रंगपंचमीच्या दोन पिचकाऱ्या एका नळीने जोडल्या आहेत, मध्ये तेल भरलंय. वरची पिचकारी पेडल दाबतं, की खालची आपोआप दांडी ढकलते. दोन्हींत रबराच्या लहान वाट्या आहेत, त्या तेलाला मागे फिरू देत नाहीत. बॉनेट उघडलंस की वरच्या पिचकारीवर तेलाची डबी दिसेल. तिच्या शेजारी तशीच दुसरी डबी असेल, ती ब्रेकची. त्या डबीला हात लावलास तर मी प्लास्टरसकट चालत येईन.

तेल एका स्वच्छ बाटलीत काढ. दोन्ही सिलिंडर सोडव. जे जे निघेल ते फडक्यावर ओळीने मांड, म्हणजे परत घालताना रडायची पाळी येणार नाही. धुवायला फक्त स्पिरिट. रॉकेल अजिबात नको, रॉकेलने रबर खराब होतं. आणि वाट्या कशा दिसतात, तेल कसं दिसतं, वास कसला येतो, सगळं लिही. इथून माझं नाक पोचत नाही.

जपून कर. हाताला लागलं तर गजाराव मला विचारतील.

मालोजी

---

दहिवली
१३ ऑक्टोबर १९४९

ती. दादास,

सांगितलंस तसं सगळं केलं. दोन्ही सिलिंडर निघाले. वरचा काढताना बोट सोललं, पण ते तू ह्यांना सांगू नकोस, त्यांनी विचारलंच नाही.

वाट्या फुगल्या आहेत. भिजत घातलेल्या वालासारख्या टम्म. सिलिंडरमध्ये अशा घट्ट बसल्या होत्या की काडीने ढकलून काढाव्या लागल्या. दांडी का सरकत नव्हती ते तेव्हाच कळलं. सिलिंडर आतून मात्र आरशासारखे साफ आहेत, एक ओरखडा नाही.

तेलाचं म्हणशील तर ब्रेकच्या डबीचं नुसतं झाकण उघडून हुंगलं, हात लावला नाही. त्याला औषधाच्या बाटलीसारखा वास आहे. आपल्या या डबीतल्या तेलाला तिळाच्या तेलाचा वास येतो.

कसं आलं, कोणी घातलं, ते मला विचारू नकोस. नव्या वाट्या आणि तेल मिळेल का, भाऊबीजेच्या आत मिळेल का, तेवढं लिही.

आत्याबाईंचा पाय दुखतो आहे. आज दिवसभर पडून आहेत.

मैना

---

खालापूर
१५ ऑक्टोबर १९४९

मैनेस,

विचारू नकोस म्हणतेस, यातच सगळं आलं! मला काय दूधखुळा समजतेस? गजारावांनी ओतलं. घोड्याच्या खुरांना चोळतात, लगामाला चोळतात, तसं डबी थोडी कमी दिसली म्हणून घरातलं तेल आणून ओतलं. आणि आता ओट्यावर बसून लगाम चोळतायत! तू खाली माती खातेस, बोट सोलून घेतेस, आणि हा गृहस्थ तोंड उघडत नाही.

क्लच जाळला नाही हे मी मान्य केलं. पण कोणतं तेल कशात घालायचं हे ज्याला कळत नाही त्याने मोटारीपासून लांब राहावं. पदूशेठ माझ्या ओळखीचे आहेत. मी त्यांना उद्या पत्र घालतो की बिघाड लहान आहे, मुंबईला पाठवायची गरज नाही, आणि चूक माझ्या मेहुण्याची आहे, त्याने ती कबूल करावी. निदान शेठना कोणी फसवलं असं व्हायला नको. आपल्या घराण्याचं नाव आहे.

वाट्या आणि तेलाचा डबा आणायला लॉरीवाल्या पोपटला सांगितलं आहे. तो लॉरी घेऊन आज मुंबईला उतरला.

मालोजी

---

दहिवली
१६ ऑक्टोबर १९४९

दादा,

थांब. शेठना एक अक्षर लिहू नकोस. हे पत्र खोपोलीच्या गाडीने येणाऱ्या माणसाच्या हातीच देते आहे, टपालाची वाट बघवत नाही.

तेल ह्यांनी घातलं नाही. आत्याबाईंनी घातलं.

खंडेनवमीला गिरणीत हत्यारांची पूजा असते. ह्यांनी मोटार धुतली, बॉनेट उघडून आत कुंकवाची बोटं लावली, झेंडूची माळ घातली. आत्याबाई तिथल्या सगळ्यांत वडील, म्हणून तेल त्यांनी घालायचं. मामंजींच्या बैलगाड्या होत्या ना, तेव्हापासूनची त्यांची रीत आहे. कोयत्याला, कुऱ्हाडीला, गाडीच्या आखाला, ज्याला त्याला तेल मिळालंच पाहिजे. कोरडं हत्यार पूजेला ठेवलं तर वर्षभर रुसतं म्हणतात. त्यांनी गिरणीच्या पट्ट्याच्या चाकांना तेल घातलं, वजनकाट्याला घातलं आणि मोटारीपाशी आल्या. एक डबी भरलेली दिसली, दुसरी थोडी कमी. लोणच्याच्या बरणीचं झाकण काढावं तसं तिचं झाकण काढलं आणि निरांजनाचं तेल काठोकाठ ओतलं. हे तेव्हा हार आणायला गेले होते. मी पाहिलं होतं, दादा. मला वाटलं, मोटारीला तेल लागतंच.

त्या दिवशी मी वाट्या धूत होते तेव्हा त्या शेजारी बसल्या होत्या. बाटली उचलून नाकाशी नेली. पुन्हा एकदा हुंगली. मग म्हणाल्या, "मैने, ह्यो तं माज्या निरांजनाचा वास हाय."

मी हातातली वाटी खाली ठेवली.

"म्हंजी माज्या लेकाची किल्ली मी काडून घेतली व्हय गं?"

मी त्यांचा हात धरला. त्या दिवसापासून पाय दुखतो म्हणून पडून आहेत. पाय दुखत नाही. ह्यांना यातलं काही माहीत नाही. ह्यांना खरंच वाटतं की आपल्याच पायाने काहीतरी झालं असेल, म्हणून गप्प आहेत. तू त्यांना बोललास ते मला फार लागलं. ते लगाम चोळतात कारण तेवढं एकच काम आपल्याला नीट येतं असं त्यांना आता वाटतं.

ह्यांच्यावरचा आळ काढायचा तर आत्याबाईंचं नाव घ्यावं लागेल. ते मी घेणार नाही. मोटार नीट करायची आणि शेठच्या पुढे उभी करायची, एवढंच मला दिसतंय.

मैना

---

खालापूर
१७ ऑक्टोबर १९४९

चि. मैनेस,

शेठना लिहिलेलं पत्र उशाखाली होतं. तुझा निरोप्या आला तेव्हा तुझी वहिनी चहा करत होती. तिला म्हटलं, हे चुलीत घाल. तिने न विचारता घातलं. म्हणाली, "काल लिहिताना तुमचं तोंड बघितलं तेव्हाच मला वाटलं होतं."

मी चुकलो. एकदा नाही, दोनदा. गजारावांना हे मी पत्रातून सांगणार नाही, तोंडाने सांगेन.

सासूबाईंना माझा दंडवत सांग आणि त्यांना आधी हसव. त्यांना म्हणावं, या साहेबांच्या तेलात निम्मं आपलं एरंडेलच असतं, मुलांना नाक दाबून पाजतात ते. रबराला एरंडेल चालतं, तीळ चालत नाही. निरांजनातलं सोडून औषधाच्या बाटलीतलं ओतलं असतं तर गाडी कदाचित अजून धावत असती. मुद्दाम कोणी काही केलेलं नाही. वजनकाट्यालासुद्धा तेल घालणारी बाई मोटारीला उपाशी ठेवील कशी?

पोपट आला. नव्या वाट्या, तेलाचा सीलबंद डबा आणि रबराची नळी त्याच्याच हाती देतो आहे. नळीही आतून स्पिरिटने धू, तिळाचा थेंब राहता कामा नये. वाट्या नव्या तेलात बुडवून मग बसव, वाटीचा ओठ उलटा दुमडू देऊ नकोस. सगळं जोडून झालं की डबी भर. आता मुख्य काम, हवा काढायची. तेलात हवेचा बुडबुडा राहिला तर पेडल उशीसारखं दबतं आणि दांडी जागची हलत नाही. खालच्या सिलिंडरवर बारीक निपल आहे, म्हणजे हवा सोडायचा पोकळ स्क्रू. त्यावर नळी घाल, नळीचं दुसरं टोक बाटलीतल्या तेलात बुडव. वरच्याने पेडल दाबून धरायचं, तू निपल अर्धा फेर सैल करायचा, बुडबुडे आले की घट्ट करायचा, आणि मगच वरच्याने पाय सोडायचा. आधी सोडला तर हवा परत आत. तू "दाब" म्हटल्याशिवाय दाबायचं नाही, "सोड" म्हटल्याशिवाय सोडायचं नाही. बुडबुडे संपेपर्यंत हेच. मधून मधून डबी भरत राहा.

शेवटी पेडलला बोटभर मोकळं ठेव. दांडीवरच्या नटाने ते करता येतं. ढील कमी पडली तर क्लच खरोखर जळेल, आणि मग शेठचंच खरं होईल.

नावाचं काय करायचं ते मी सांगत नाही. त्या वडील आहेत, आणि मी खड्ड्यात पडलेला माणूस.

मालोजी

---

दहिवली
२० ऑक्टोबर १९४९

ती. दादास,

साष्टांग नमस्कार. कुठून सुरू करू?

काल सकाळी आत्याबाईंना तुझं एरंडेल वाचून दाखवलं. आधी हसल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मालोजीला लहानपनी एरंडेल कमी पडलं, म्हनून आसा बोलतो." आणि उठल्या. चूळ भरली, लुगडं नीट नेसल्या आणि माझ्या आधी शेडमध्ये जाऊन बसल्या. यावेळी पदर कमरेला खोचला होता.

मी खालून "दाबा" म्हणायची, त्या "दाबलं" म्हणायच्या. मी निपल सोडायची, बाटलीत बुडबुडे यायचे, मी घट्ट करायची. "सोडा." "सोडलं." एकदा मला शिंक आली आणि निपल लगेच घट्ट करता आला नाही, तरी त्यांनी पाय तसूभर हलवला नाही. मी म्हटलं, आत्याबाई, पाय दुखला असेल, थोडं थांबू. वरून आवाज आला, "तू तुजं काम कर गं. माजा पाय आता सोड म्हनल्याबिगर सुटत नाय." शेवटी नळीतून नुसतं तेल यायला लागलं. मग दांडी बघितली. दादा, अशी सरळ पुढे आली! मी खालीच ओरडले.

माझं ओरडणं ऐकून हे धावत आले. गाडी अंगावर आली असं वाटलं त्यांना. हातात लगाम तसाच. बघतात तर आई शेठच्या गादीवर आणि बायको मोटारीखाली.

नटाचं मला जमत नव्हतं. कधी फार सैल, कधी अजिबात नाही. मी ह्यांना नुसतं सांगितलं, दादा म्हणतो पेडल बोटभर मोकळं पाहिजे. हे वाकून खाली बघायला लागले. मग म्हणाले, "लगामाचं बी तसंच अस्तं. तोंडाशी ताणून धरायचा नाय. बोटभर सैल ठेवला की मंग वढल्यावर घोडं आयकतं." लगाम खुंटीला अडकवला आणि खाली शिरले. शेठनी हात लावू नको म्हटलं होतं, ते मला आठवलं होतं. मी सरकून त्यांना जागा दिली. नट एकदा फिरवला, आईला दाबायला सांगितलं, अर्धा फेर मागे घेतला, झालं.

संध्याकाळी शेठ आले. पाखडणाऱ्या बायकाही गिरणी साफ करायला आल्या होत्या. शेठ स्वतः बसले, गिअर टाकून बघितला, चारही. आवाज नाही. मला म्हणाले, "शाब्बास गं. मुंबईचा खर्च वाचला." आणि लगेच पुढे, "पन ड्रायवर बदलनारच. आज दुरुस्त झाली, गजा उद्या पुन्ना बिघडवील."

मी ह्यांच्याकडे बघितलं नाही. बघवलं नसतं.

आत्याबाई कोपऱ्यात सूप घेऊन बसल्या होत्या. त्या उठल्या, शेठच्या समोर येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "शेठ, माज्या लेकाचा पाय नाय चुकला. माजा हात चुकला. खंडेनवमीला त्या डबीत निरांजनाचं तेल म्या वतलं. तुमाला किल्ली काडून घ्यायची आसंल तं मला द्या आन् माज्याकडनं काडून घ्या."

ह्यांचं तोंड उघडं राहिलं. शेठ गाडीतच बसून होते. मग टोपी काढून डोकं खाजवलं. म्हणाले, "अंबाबाई, मी तिथंच उभा व्हतो की. मीच म्हनलं व्हतं, हात आखडू नका, शेठच्या मोटारीला तेलाची काटकसर नको."

पहिल्यांदा कोण हसलं ते आठवत नाही. बहुतेक आत्याबाईच. शेठनी किल्ली ह्यांच्या हातात दिली आणि घरी सोडायला सांगितलं. हे गाडीत बसायच्या आधी आईच्या पाया पडले. आत्याबाई म्हणाल्या, "पुरं रं. तेलकट हायेत पाय."

दादा, रविवारी भाऊबीज. तुला चालता येत नाही, तरी माझ्याकडे यायचं आहेच. शेठनी मोटार दिली आहे. हे सकाळी निघतील. तू मागे बसणार का, तेवढं फक्त कळव. नाही कळवलंस तरी ते येतीलच.

तुझी,
मैना

---

खालापूर
२५ ऑक्टोबर १९४९

चि. सौ. मैनेस,

मालोजीचे अनेक आशीर्वाद, आणि हे आशीर्वाद आता लंगडे नाहीत, बसून प्रवास केलेले आहेत.

रविवारी तुला हे सांगितलं नाही, कारण गजाराव समोर होते. त्यांनी मला उचलून मागच्या गादीवर ठेवलं, प्लास्टरखाली उशी दिली. मी तेव्हाच बोललो. म्हटलं, गजाराव, तुमच्याबद्दल फार वाईट लिहिलं मी. ते म्हणाले, "मैनानं वाचून दाखवलंच नाय, दादा." तू वाचून दाखवलं नाहीस! मग मी ठरवलं की तोंड बंद ठेवायचं आणि कान उघडे. प्रत्येक गिअर ऐकायचा. पहिला ऐकला, दुसरा ऐकला. तिसरा कधी पडला कळलं नाही. पुढचं आठवतं ते एवढंच की गजाराव माझा खांदा हलवत होते. "दादा, उठा. दहिवली आली."

मोटारीच्या आवाजावर जगणारा मी, घोडेवाल्याच्या मागे बसून झोपलो. हे गॅरेजात कोणाला सांगू नकोस. पोपटला मी सांगितलंच आहे, म्हणजे पुण्यापर्यंत गेलं असेल.

तू ओवाळलंस तेव्हा ओवाळणीच्या लुगड्याच्या घडीत माझा तो जुना पाना ठेवला होता, तो मिळाला असेलच. त्याने नट धरलास तर पुन्हा बोट सोलणार नाही.

आता शेवटचं. निघताना सासूबाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, "मालोजी, फुडल्या खंडेनवमीला त्या डबीला हात लावू का नको?" विचारताना त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. तिथे मी कळवतो म्हणालो. म्हणून इथून देतो. पोपटच्या हाती क्लचच्या त्याच तेलाचा एक लहान डबा पाठवत आहे, वर कुंकवाचं बोट लावलंय म्हणजे निरांजनाच्या तेलाशी गल्लत होणार नाही. देवाजवळच ठेवायला सांग. पूजेच्या दिवशी त्यांच्याच हाताने घालू दे.

आणि गजारावांना सांग, त्या दिवशी डबी थोडी कमी ठेवा.

तुझा,
मालोजी